शुक्राचे दप्तर

सूर्यास्तानंतर पश्चिमेला किंवा पहाटे पूर्वेला दिसणारी शुक्राची चांदणी आपल्या ओळखीची आहे. आपण तिला चांदणी म्हणतो खरे. पण तो तारा नव्हे, आपल्या पृथ्वीसारखाच एक ग्रह आहे. आकाराने व वस्तुमानाने तो पृथ्वीच्या इतका जवळचा आहे, की त्याला पृथ्वीचा जुळा भाऊ म्हटले तरी चालेल. मात्र या भावाचे घर फार दुर्गम आहे. गंधकाम्लाच्या दाट ढगांचा पडदा त्याच्या मुखावरून कधीच दूर होत नाही. ढगांखालच्या भूमीचे तापमान सुमारे 460 अंश सेल्सिअस असते. तेथे शिसेसुद्धा वितळून जाईल. 1982 मध्ये सोव्हिएत संघाचे ‘व्हेनेरा 13’ हे यान त्या भूमीवर उतरले आणि 127 मिनिटे काम करीत राहिले. एवढा वेळ टिकणे, हाही पराक्रमच मानला गेला.

जेथे यंत्रालाही फार काळ तग धरता येत नाही, त्या ग्रहाच्या पोटात काय आहे, हे कसे कळावे? शास्त्रज्ञांनी यासाठी एक युक्ती योजिली. ग्रहावर न उतरता, त्याच्याभोवती फिरणाऱ्या यानाच्या चालीवरून त्याच्या अंतरंगाची परीक्षा करावयाची.

ही युक्ती अशी : प्रत्येक पदार्थ दुसऱ्या पदार्थाला आपल्याकडे ओढतो, हे तुम्ही शिकला आहात. ग्रहाचे पोट सगळीकडे सारखे भरलेले नसते. कोठे जड खडक असतात, तर कोठे उष्णतेने फुगलेला, हलका भाग असतो. फिरणाऱ्या यानाच्या पुढे जड भाग आला, की त्याची ओढ वाढते आणि यानाचा वेग किंचित वाढतो. तो भाग मागे पडला, की तीच ओढ यानाला मागे खेचते आणि वेग किंचित घटतो. घोडा ज्याप्रमाणे चढ आणि उतार आपल्या चालीने दाखवितो, त्याप्रमाणे यान ग्रहाचे जड व हलके भाग आपल्या वेगाने दाखविते.

पण कोट्यवधी किलोमीटर दूर असलेल्या यानाचा वेग मोजावयाचा कसा? शिट्टी वाजवीत आगगाडी आपल्याकडे येत असताना शिट्टीचा स्वर चढा वाटतो. गाडी पुढे निघून गेली, की तोच स्वर उतरतो. ऑस्ट्रियाचे शास्त्रज्ञ ख्रिस्तिआन डॉप्लर यांनी 1842 मध्ये हा नियम मांडला. रेडिओलहरींनाही तो लागू पडतो. पृथ्वीवरील केंद्र एका ठरावीक कंपनसंख्येची लहर यानाकडे पाठविते. यान ती परत पाठविते. परत आलेल्या लहरीची कंपनसंख्या जितकी बदललेली असेल, तितका यानाचा वेग. या रीतीने सेकंदाला एका मिलिमीटरपेक्षाही कमी असा वेगातला फरक कळून येतो!

‘मॅगेलन’ या अमेरिकन यानाने शुक्राची अशी परीक्षा केली. 4 मे 1989 रोजी ते पृथ्वीवरून निघाले आणि 10 ऑगस्ट 1990 रोजी शुक्रापाशी पोहोचले. प्रथम दोन वर्षे त्याने रडारच्या साहाय्याने ढगांच्या पडद्याआडून भूमीचे चित्रण केले. शुक्राचा 98 टक्के भाग त्यात आला. शुक्रावरील मोठ्या विवरांना कर्तृत्ववान स्त्रियांची नावे देण्याची प्रथा आहे. आपल्या आनंदीबाई जोशी आणि पंडिता रमाबाई यांच्या नावांची विवरेही त्यांत आहेत.

सप्टेंबर 1992 पासून यानाने गुरुत्वाकर्षण मोजण्याचे काम हाती घेतले. त्याची कक्षा लांबट होती. शुक्राचे काही भाग त्यातून फार दूर राहत. म्हणून 1993 च्या उन्हाळ्यात एक धाडसी प्रयोग करण्यात आला. प्रत्येक फेरीत यानाला शुक्राच्या वातावरणाच्या विरळ थराला घासून जाऊ दिले. त्या घर्षणाने सुमारे सत्तर दिवसांत कक्षा लहान झाली आणि सव्वातीन तासांची प्रदक्षिणा 94 मिनिटांत पुरी होऊ लागली. शुक्राला स्वतःभोवती फिरण्यास 243 दिवस लागतात. तेवढ्या काळात संपूर्ण ग्रह यानाच्या खालून जाई. कॅलिफोर्नियातील गोल्डस्टोन, स्पेनमधील माद्रिद आणि ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथील केंद्रे आळीपाळीने यानाकडे कान लावून बसत आणि आकड्यांमागून आकडे टिपून घेत.

येथपर्यंतची गोष्ट यानाची झाली. आता त्या आकड्यांची गोष्ट ऐका. कारण खरा कस तेथेच लागतो.

नोंदलेला प्रत्येक आकडा शुक्राच्या ओढीविषयीच बोलत नसतो. ऐकणारे केंद्र पृथ्वीबरोबर फिरत असते. वातावरणातील बाष्प लहरीला उशीर करते. सूर्याचा प्रकाश यानाला हलकेच ढकलीत असतो. समजा, एका क्षणी यानाचा वेग किंचित वाढला. खाली जड खडक होते म्हणून तो वाढला, की तोल सावरण्यासाठी यानानेच आपले छोटे इंजिन क्षणभर चालविले म्हणून? नुसत्या आकड्यावरून हे मुळीच कळणार नाही. इंजिन केव्हा आणि किती वेळ चालविले, याची टिपणी जवळ असेल, तरच आकड्याचा अर्थ लागेल. नाही तर जेथे काहीच नाही, तेथे संशोधक खडकांची रास कल्पील. म्हणून आकड्यांच्या जोडीला केंद्राचे नाव, घड्याळाची वेळ, हवेची स्थिती, यानाच्या हालचाली, मोजमापाची एकके या सर्वांची नोंद ठेवावी लागते. टिपणीवाचून आकडा मुका असतो.

ऑक्टोबर 1994 मध्ये मॅगेलनला शुक्राच्या दाट वातावरणात उतरविण्यात आले. जाता जाता त्याने त्या वातावरणाचीही माहिती दिली. 12 ऑक्टोबरला त्याचा आवाज कायमचा थांबला. यान गेले, उरले ते केवळ त्याचे दप्तर. दप्तर म्हणजे तुमची शाळेची पिशवी नव्हे. दप्तर म्हणजे कागदपत्रांचा व नोंदींचा जपलेला संग्रह.

तो संग्रह जपणे मात्र सोपे नव्हते. चुंबकीय फिती काळाने झिजतात. फीत शाबूत राहिली, तरी ती वाचणारे यंत्र नाहीसे होते. यंत्र असले, तरी खुणांचा अर्थ जाणणारा माणूस निवृत्त होतो. आधीच्या मोहिमांची बहुमोल माहिती अशी हातची जाण्याची भीती आहे, असा इशारा अमेरिकेतील शास्त्रज्ञांच्या समितीने 1982 मध्ये दिला होता. त्यातूनच पुढे ग्रहांच्या माहितीचा एक मोठा दप्तरखाना उभा राहिला. सेंट लुईस शहरातील वॉशिंग्टन विद्यापीठात त्याची एक शाखा आहे. मॅगेलनच्या गुरुत्वाच्या नोंदी तिच्याकडे आहेत. तेथील शिस्त कडक आहे. आकडे साध्या, सर्वांना वाचता येईल अशा पद्धतीने लिहावयाचे. प्रत्येक संचावर त्याचा परिचय जोडावयाचा. मोहिमेशी संबंध नसलेल्या जाणकारांकडून तो तपासून घ्यावयाचा. त्याच्या प्रती एकाहून अधिक ठिकाणी ठेवावयाच्या. आणि मग तो जगातील कोणाही अभ्यासकाला विनामूल्य खुला करावयाचा.

या शिस्तीचे फळ काय मिळाले? 1999 मध्ये मॅगेलनच्या आणि त्याआधीच्या ‘पायोनिअर व्हीनस’ या यानाच्या नोंदी एकत्र करून शुक्राच्या गुरुत्वाकर्षणाचा सविस्तर नकाशा तयार झाला. त्यानंतर 2025 मध्ये गाएल काशोली, आना ग्युल्खर व त्यांचे सहकारी यांनी जुन्या नोंदींना एक नवा प्रश्न विचारला. शुक्रावर प्रचंड वर्तुळाकार रचना आहेत. त्यांना ‘मुकुटवलये’ म्हणता येईल. जमिनीच्या उंचवट्यावरून जेवढी ओढ अपेक्षित आहे, तेवढी या वलयांपाशी दिसते का? पुरेशी स्पष्ट दिसणारी 75 वलये तपासली, तेव्हा 52 वलयांच्या खाली तप्त आणि हलका पदार्थ वर येत असावा, असे आढळले. म्हणजे शुक्राच्या पोटात आजही खळबळ चालू असावी! यान नष्ट होऊन तीस वर्षे लोटल्यावर त्याने ही नवी वार्ता सांगितली, असेच म्हणावयाचे.

सप्टेंबर 2024 मध्ये भारत सरकारनेही शुक्राभोवती यान पाठविण्याच्या मोहिमेस मान्यता दिली आहे. नवी याने नव्या नोंदी आणतील. पण शुक्रावर 1992 साली काय होते, हे कोणतेही नवे यान परत जाऊन पाहू शकणार नाही. ते त्या जुन्या दप्तरालाच विचारावे लागेल.

उड्डाणाच्या वेळी टाळ्या वाजतात. पण आकड्याशेजारी वेळ, एकक आणि टिपणी नीट लिहून ठेवणाऱ्यासाठी कोणी टाळ्या वाजवीत नाही. तरीही तो लिहितो. आपण ज्याला कधी पाहणार नाही, अशा कोणा अभ्यासकासाठी तो लिहितो. आज जी मुले तुमच्या वयाची आहेत, त्यांच्यापैकीच एखादा तो अभ्यासक असेल.

शब्दार्थ

दुर्गम – जाण्यास कठीण. कंपनसंख्या – एका सेकंदात होणाऱ्या कंपनांची संख्या. कक्षा – ग्रहाभोवती फिरण्याचा मार्ग. एकक – मोजण्याचे ठरलेले माप. कस लागणे – परीक्षा होणे. तग धरणे – टिकून राहणे.

अभ्यास

1. शुक्राच्या अंतरंगाची परीक्षा त्यावर उतरून का करता येत नाही?
2. जड भागावरून जाताना यानाच्या वेगात कोणते बदल होतात? का?
3. ‘टिपणीवाचून आकडा मुका असतो,’ हे वाक्य पाठातील उदाहरण देऊन स्पष्ट करा.
4. ‘कान लावून बसणे’ आणि ‘हातचे जाणे’ यांचा वाक्यांत उपयोग करा.
5. आठ दिवस रोज ठरावीक वेळी सावलीतील हवेचे तापमान नोंदवा. तुमची वही वाचणाऱ्या अनोळखी माणसाला सर्व समजेल, अशी टिपणी जोडा.