अग्निशामक जवान : त्यांचा दिवस आणि तिथे पोहोचण्याची वाट

परवा वर्गात विचारलं, "आग लागली तर माणूस कशाने मरतो?" सगळे एका सुरात म्हणाले, "जळून!" हे उत्तर बऱ्याचदा चुकतं.

३ एप्रिल २०२४ ची पहाट आठवा. आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात खाली कपडे शिवण्याचं दुकान होतं आणि वर कुटुंब झोपलेलं होतं. आग खालच्या दुकानाला लागली, पण वरची सात माणसं धुराने गुदमरून गेली. त्यात लहान मुलंही होती. झोपेत धुराचा वास येऊन जाग येईलच, असं नसतं. म्हणून जवान आत शिरताना आधी पाठीवर हवेचं सिलिंडर आणि तोंडावर मास्क चढवतो. याला ते 'बीए सेट' म्हणतात. सिलिंडरमधली हवा संपत आली की शिट्टी वाजते आणि मग बाहेर यावंच लागतं.

आता त्यांचा दिवस पाहू. ड्युटी पाळीने असते. आल्या आल्या हजेरी, मग बंबाची तपासणी : पाणी, डिझेल, पंप, होज, शिड्या, दोर. त्यानंतर कवायत. तोच होज रोज उलगडायचा, जोडायचा, परत गुंडाळायचा. कंटाळा येत असेल ना? पण रात्री दोन वाजता, अंधारात, लोक ओरडत असताना हात आपोआप चालायला हवेत.

मग येते 'वर्दी', म्हणजे मदतीसाठी आलेला फोन. दरवेळी आगच असते असं नाही. विहिरीत पडलेली गाय, मांजात अडकलेला पक्षी, रस्त्यावर कोसळलेलं झाड, अपघातात दबलेला ड्रायव्हर, सगळं यांच्याच वाट्याला. आपल्या भागात उन्हाळ्यात कडब्याच्या गंजी पेटतात, डोंगरावर वणवा लागतो. मध्यम बंबात साधारण साडेचार हजार लिटर पाणी मावतं, जोरात मारलं तर पाच-सात मिनिटांत संपतं! म्हणून जवळची विहीर कुठे आहे हे सांगणारा गावकरी तिथे फार मोलाचा.

आणि वेळ. संभाजीनगरहून खुलताबाद जेमतेम पंचवीस किलोमीटर, पण मध्ये दौलताबादचा दरवाजा आणि घाट. सुट्टीच्या दिवशी तिथली गर्दी तुम्ही पाहिलीच आहे. १०१ किंवा ११२ ला फोन लावताना आधी पत्ता नीट सांगा, रडणं नंतर.

अग्निशामक व्हायचं असेल तर? महाराष्ट्र अग्निशमन सेवेचं प्रशिक्षण केंद्र मुंबईत सांताक्रूझला आहे. तिथला अग्निशामक अभ्यासक्रम सहा महिन्यांचा, दहावीनंतर करता येतो. उंची, वजन, छाती मोजतात, धावणं-चढणं पाहतात. नंतर महापालिका, नगरपरिषद, एमआयडीसी यांच्या भरतीच्या जाहिराती निघतात. प्रत्येक जाहिरातीच्या अटी वेगळ्या असतात, म्हणून ती स्वतः वाचायची. मित्राच्या मित्राने सांगितलेलं ऐकून फॉर्म भरायचा नाही. मोठा अधिकारी व्हायचं असेल तर नागपूरला राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे. गणित-विज्ञान तिथे लागतंच, पंपाचा दाब काढायला भागाकार येत नसेल तर काय करणार!

"मॅडम, मुलींना घेतात का?" हा प्रश्न मागच्या बाकावरून आला. घेतात. नागपूरच्याच हर्षिनी कान्हेकर यांनी २००२ मध्ये या महाविद्यालयात प्रवेश घेतला, तेव्हा तिथे सगळी मुलंच होती. भारतातली पहिली महिला अग्निशामक म्हणून आज त्यांचं नाव घेतात.

१४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन. १९४४ मध्ये याच तारखेला मुंबई गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजावर स्फोट झाले. आग विझवायला गेलेले ६६ जवान परत आले नाहीत. तेव्हापासून देशभर त्यांची आठवण काढतात.

घरचा अभ्यास : तुमच्या घराचा नकाशा वहीत काढा. रात्री पुढच्या दाराशी धूर असेल तर बाहेर कुठून पडाल, ते लाल रंगाने दाखवा. खिडकीला गज असतील तर तेही काढा. उद्या वह्या बघणार आहे.