चोर पळाला, वाटसरू जखमी : भरपाई कोणी द्यायची?

रमजानचे शेवटचे दहा दिवस. बाजारात पाय ठेवायला जागा नाही. एका कापड दुकानाच्या दारावरचा रक्षक "चोर, चोर" असे ओरडत एका पोराच्या मागे धावतो आणि हातातली काठी भिरकावतो. पोरगा गल्लीत पसार होतो. काठी लागते ती फुटपाथवरून औषध घेऊन घरी निघालेल्या एका वयस्कर बाईला. बाई पडतात, मनगटाचे हाड मोडते. दुकानदार म्हणतो, "रक्षक आमचा नाही, एजन्सीचा आहे." एजन्सी म्हणते, "काठी फेकायला आम्ही सांगितले नव्हते." रक्षकाच्या खिशात तर द्यायला काहीच नाही.

हा प्रसंग आम्ही कल्पिलेला आहे, पण कोणत्याही बाजारात तो उद्या घडू शकतो. आमच्या वाचकांत दुकानदार आहेत, तसे फुटपाथवरून चालणारेही आहेत. म्हणून या प्रश्नाचा विचार आम्ही दोन्ही बाजूंनी करणार आहोत.

रक्षकाला अधिकार किती?

गणवेश घातला म्हणून रक्षक पोलीस होत नाही. कायद्याने त्याला सामान्य नागरिकाइतकाच अधिकार आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे, आपल्या डोळ्यांसमोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला कोणीही नागरिक पकडू शकतो. मात्र विनाकारण उशीर न लावता, जास्तीत जास्त सहा तासांच्या आत, त्याला पोलिसांच्या हवाली करावे लागते. मागच्या खोलीत कोंडून "चौकशी" करण्याची मुभा कोणालाही नाही.

आणखी एक गोष्ट दुकानदारांनी ध्यानात ठेवावी. पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी, गुन्हेगार पहिल्यांदाच सापडलेला आणि माल किंवा त्याची किंमत परत मिळालेली, अशा वेळी नव्या भारतीय न्याय संहितेत शिक्षा आहे ती समाजसेवेची. एका सदऱ्यासाठी गर्दीत काठी फेकणे किती महागात पडू शकते, हे यावरून कळावे.

स्वतःच्या मालमत्तेचे रक्षण करण्याचा हक्क सर्वांना आहे, पण तो गरजेपुरताच. बचाव करताना निरपराध माणसाला इजा होण्याचा धोका कायद्याने पत्करू दिला आहे तो जीवघेण्या हल्ल्याच्या वेळी, तेही दुसरा इलाज नसेल तर. पळणारा चोर म्हणजे जीवघेणा हल्ला नव्हे. शिवाय "नेम चोरावर होता, लागली बाईंना" हाही बचाव पुरेसा नाही. कोणालाही दुखापत करण्याच्या हेतूने केलेल्या कृत्याने दुसऱ्या कोणाला दुखापत झाली, तरी तो गुन्हाच आहे.

फौजदारी मार्ग

पहिला मार्ग पोलीस ठाण्याचा. साधी दुखापत अदखलपात्र असल्याने पोलीस बहुधा फक्त एन.सी. लिहून घेतात. पण हाड मोडणे ही कायद्याच्या दृष्टीने गंभीर दुखापत आहे. बेदरकारपणे किंवा निष्काळजीपणे गंभीर दुखापत केल्यास न्याय संहितेच्या कलम १२५ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. जाणूनबुजून गंभीर दुखापत केली असेल तर कलम ११७ खाली सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. म्हणून एक्स-रे आणि डॉक्टरांचा दाखला पुढे ठेवून गुन्हा नोंदवण्याचा आग्रह धरावा. एफ.आय.आर.ची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते.

पोलिसांनी टाळाटाळ केली तर वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करावी. तिथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. फिर्यादीलाही मुदत असते. साध्या दुखापतीची दखल न्यायालय एक वर्षापर्यंतच घेऊ शकते. रक्षक दोषी ठरला तर कलम ३९५ प्रमाणे न्यायालय जखमीला भरपाई देण्याचा हुकूमही करू शकते.

दिवाणी मार्ग

शिक्षेने औषधाचे बिल फिटत नाही. त्यासाठी नुकसानभरपाईचा दावा आहे. दवाखान्याचा खर्च, बुडालेली मजुरी, पुढे लागणारे उपचार आणि सोसलेल्या वेदना, या सर्वांची मागणी त्यात करता येते. जिथे इजा झाली त्या ठिकाणच्या किंवा प्रतिवादी जिथे राहतो वा धंदा करतो त्या ठिकाणच्या न्यायालयात हा दावा लावता येतो.

आता मुख्य मुद्दा. नोकराने कामाच्या ओघात दुसऱ्याचे नुकसान केले तर मालक जबाबदार, हे तत्त्व आपल्या न्यायालयांनी मानले आहे. "असे कर" असे मालकाने सांगितले होते का, एवढाच प्रश्न नसतो. नोकर मालकाचे काम करत होता का, हे पाहिले जाते. सर्वोच्च न्यायालयाने १९६६ साली एका टॅक्सीमालकाला जबाबदारीतून मोकळे केले, कारण गाडी मालकाच्या कामासाठी चालवली जात नव्हती. पुढे १९७७ साली पुष्पाबाई उदेशी खटल्यात कंपनीची मोटार चालवणाऱ्या व्यवस्थापकाच्या चुकीबद्दल त्याच न्यायालयाने कंपनीला जबाबदार धरले. दुकानातला चोर पकडणे हे तर रक्षकाचे कामच. तेव्हा "काठी फेकायला सांगितले नव्हते" एवढ्यावर सुटका होणे कठीण.

रक्षक एजन्सीचा असेल तर त्याच्यावर प्रत्यक्ष हुकमत कोणाची होती, हा वाद उभा राहतो. जखमीने हा वाद स्वतः सोडवत बसू नये. रक्षक, एजन्सी आणि दुकानदार या तिघांनाही नोटीस द्यावी आणि तिघांनाही प्रतिवादी करावे. कोणाचा वाटा किती, ते न्यायालय ठरवील.

ग्राहक आयोगाकडे जावे का, असा प्रश्न मनात येईल. तो मार्ग ग्राहकासाठी आहे. रस्त्याने जाणारा माणूस त्या दुकानाचा ग्राहक नसतो, त्यामुळे आमच्या प्रसंगातील बाईंना तो उपयोगाचा नाही.

मात्र विधी सेवा प्राधिकरणाचा मार्ग त्यांना खुला आहे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना, मग त्यांचे उत्पन्न कितीही असो, वकिलाची मदत मोफत मिळते. लोकअदालतीत तडजोडही होऊ शकते.

पहिल्या दिवशी काय करावे?

१. आधी दवाखाना गाठावा. तातडीच्या रुग्णाला पोलिसांचे कागद होईपर्यंत ताटकळत ठेवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच बजावले आहे. इजा कशी झाली ते केसपेपरवर लिहून घ्यावे.

२. दोन-तीन साक्षीदारांची नावे आणि फोन नंबर घ्यावेत. शेजारचा फळवाला दुकानाच्या नोकरापेक्षा अधिक उपयोगी साक्षीदार असतो.

३. कॅमेऱ्याचे चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते. ते जपून ठेवावे असे पत्र दुकानाला त्याच दिवशी द्यावे, पोच घ्यावी आणि चित्रण ताब्यात घेण्याची विनंती पोलिसांना लेखी करावी.

४. औषधांच्या पावत्या फेकू नयेत.

५. "पाचशे घ्या आणि सही करा" अशा कागदावर घाईने अंगठा देऊ नये.

दुकानदार बांधवांसाठी

रक्षक नेमताना स्वस्त कोण एवढेच पाहू नये. २००५ च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याप्रमाणे एजन्सीला परवाना हवा आणि रक्षकाची चारित्र्य पडताळणी व प्रशिक्षण झालेले हवे. महाराष्ट्रात १९८१ च्या कायद्याखाली स्थापन झालेल्या सुरक्षा रक्षक मंडळांमार्फतही रक्षक मिळतात. करारात भरपाईची जबाबदारी स्पष्ट लिहून घ्यावी. दुकानाच्या विम्यात त्रयस्थाला झालेल्या इजेची भरपाई आहे का, हे पाहावे. आणि रक्षकाला एकच गोष्ट बजावावी : माल गेला तरी चालेल, गर्दीत हात उचलायचा नाही.

कायद्याचे झाले. पण आपल्यासाठी आणखी एक हिशेब आहे. दुसऱ्याला दिलेली इजा हा हुकूकुल इबादचा, म्हणजे बंद्यांच्या हक्कांचा प्रश्न आहे. ज्याचा हक्क बुडाला त्याने माफ केल्याशिवाय तो सुटत नाही. करारपत्राच्या आड लपून न्यायालयात दहा वर्षे काढता येतील. त्यापेक्षा त्याच संध्याकाळी दुकानदाराने बाईंच्या घरी जावे, दवाखान्याचा खर्च उचलावा, हात बरा होईपर्यंतच्या बुडालेल्या कमाईबद्दल विचारावे आणि जे ठरेल ते दोन साक्षीदारांसमोर लिहून द्यावे. पोलिसांत नोंद झालेली असेल तर वकिलाला विचारूनच तडजोड करावी, कारण काही गुन्हे मिटवायला न्यायालयाची परवानगी लागते.

एका सदऱ्याची किंमत पुढच्या गिऱ्हाइकात भरून निघते. मोडलेल्या मनगटाचा हिशेब मात्र आपल्यालाच चुकता करावा लागतो, इथे नाही तर तिथे.