एमएच 30 आणि हैदराबादचं चलान

गाडी अकोल्याची, घेणारा मी अमरावतीचा. सौद्याआधी महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान पोर्टलवर नंबर टाकून पाहिला, बाकी काही नव्हती. आरसी रीतसर माझ्या नावावर झाली. पुढे बहिणीच्या डोळ्यांसाठी हैदराबाद गाठावं लागलं. तिथल्या कोठी भागात वाहतूक पोलिसानं हात दाखवला, नंबर यंत्रात टाकला आणि म्हणाला, "पेंडिंग है." एकेक चलान उघडून दाखवलं. सगळी राँग पार्किंगची, सगळी मी गाडी घेण्याआधीची. फोटोत बंपरला लटकलेली लिंबू-मिरची, फुटलेल्या मागच्या दिव्यावर लावलेली लाल टेप आणि शेजारी 'नो पार्किंग'ची पाटी. वाद घालणार कशावर? आरसीवरची तारीख दाखवली, पण यंत्रात नाव नाही, नंबर बोलतो.

जुन्या मालकाला फोन लावला. "तिकडचं तिकडंच राह्यते ना भाऊ, इकडं कोन इचारते?"

हा समज आपल्याकडे भलताच घट्ट आहे. राष्ट्रीय महामार्ग 161 अकोल्याहून वाशिम, हिंगोली, नांदेड करत थेट तेलंगणातल्या संगारेड्डीपर्यंत जातो. परतवाड्याहून बैतूल, धारणीहून खंडवा-बुऱ्हाणपूर. दवाखाना, लग्नाची खरेदी, देवदर्शन, काहीतरी निघतंच आणि गाडी पुन्हा त्याच गावात उभी राहते. तोवर जुनी थकबाकी जागेवरच असते.

मला नडलं ते वेगळंच. महाराष्ट्राच्या पोर्टलवर महाराष्ट्राचीच चलानं दिसतात. तेलंगण पोलिसांचं पोर्टल स्वतंत्र आहे, तर मध्य प्रदेशसारख्या राज्यांची चलानं केंद्राच्या परिवहन पोर्टलवर सापडतात. जुनी गाडी घेताना तिन्ही ठिकाणी नंबर टाका, तोही इसाराचे पैसे देण्याआधी. विकणाऱ्याला सरळ विचारा, गाडी कुठं कुठं फिरली? आणि करारनाम्यात एक ओळ घाला, की अमुक तारखेपर्यंतची सर्व राज्यांतली चलानं विकणाऱ्याकडे. त्या ओळीचं मोल मला नंतर कळलं. माझ्याकडे ती होती म्हणून स्क्रीनशॉट पाठवल्यावर, दोन-चार शिव्या घालत का होईना, जुन्या मालकानं ऑनलाइन पैसे भरले.

विकणाऱ्यानंही निर्धास्त राहू नये. 2018 साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या अपघात-भरपाईच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की नोंदणीत ज्याचं नाव तोच मालक; गाडी चार हात पुढं विकली गेली तरी. चलानाची नोटीसही आधी त्याच नावाला येते. राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर 14 दिवसांत आरटीओला कळवणं विकणाऱ्याचं काम आहे. "तुमचं तुम्ही करून घ्या" म्हणून मोकळं होता येत नाही.

नाव बदलताना मोबाइल नंबरही बदलून घ्या. चलानाचा मेसेज नोंदलेल्या नंबरावर जातो. तिथं जुन्या मालकाचं बंद पडलेलं सिम असेल, तर तुम्हाला पत्ता लागणार कसा?

फोटोतली गाडीच आपली नसेल, म्हणजे कुणी नंबर चोरून लावला असेल, तर पैसे भरू नका. आपल्या गाडीचे फोटो जोडून त्या राज्याच्या पोलिसांकडे लेखी तक्रार करा. कारण अकोल्याच्या लोक अदालतीत हैदराबादचं चलान मिटत नाही.

काहीजण सवलतीच्या आशेवर बसतात. तेलंगणानं 2022 मध्ये आणि पुन्हा डिसेंबर 2023 मध्ये जुन्या चलानांवर मोठी सवलत दिली, दुसऱ्या वेळी दुचाकींना 80 टक्के. पण सरकारचा मूड पाहून गाडी चालवणं मला तरी जमणार नाही.

भरायला बसाल तेव्हा पत्त्याच्या शेवटी gov.in ऐवजी दुसरंच काही दिसलं तर तिथंच थांबा. व्हॉट्सअॅपवर 'आरटीओ चलान' नावाची एपीके फाइल आली तर ती उघडूच नका, ती बँक खातं साफ करणाऱ्यांची असते. चुकून उघडली आणि पैसे गेले, तर लगेच 1930 ला फोन लावा.