अर्धा लिटर दूध म्हणजे किती ग्रॅम?

प्रश्न : पाककृतीत ‘दूध ५०० ग्रॅम’ लिहिलंय. घरी अर्ध्या लिटरची पिशवी येते. दोन्ही एकच ना? म्हशीच्या दुधाला हिशोब बदलतो का?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : ताई, अगदी एक नाही, पण काळजी नको. लिटरला किलो हे माप पाण्याचं. दुधात विरघळलेली साखर, प्रथिनं, क्षार यांमुळे एक लिटर दूध साधारण १,०३० ग्रॅम भरतं. म्हणजे चितळेंची असो वा कात्रजची, तुमच्या पिशवीत सुमारे ५१५ ग्रॅम दूध असतं. त्यातलं चमचाभर काढून ठेवलंत की ५०० ग्रॅम! खीर, बासुंदीला तेवढंही करू नका. म्हशीचं दूध दाट म्हणून बरंच जड, असं वाटतं. पण स्निग्धांश पाण्यापेक्षा हलका असल्याने वजनात नगण्य फरक पडतो.

जपायचं ते कंडेन्स्ड मिल्कला. ४०० ग्रॅमचा डबा जेमतेम ३०० मिलीचा असतो, तिथे वजनच धरा. दूध आटवायचं असेल तर माप आधीच घ्या. वजनकाटा असल्यास रिकामं पातेलं ठेवून आकडा शून्यावर आणा आणि मग दूध ओता.