वारा नेमका किती?

शिवाजी पेठेतल्या मुलीनं समुद्रावरच्या वाऱ्याबद्दल लिहायचं म्हणजे जरा अतीच! पण या प्रकरणाची सुरुवात आमच्या रंकाळ्यावरच झाली. पहाटे मैत्रीण गाडी चालवत होती आणि मी मागे वारा मोजायचं मीटर, म्हणजे अ‍ॅनिमोमीटर, डोक्यावर उंच धरून बसले होते. जीपीएसवर वेग ताशी ३० किमी. जाताना मीटरवर ३४ आले, त्याच रस्त्यानं परत येताना २६. ‘‘मीटर बिघडलंय गं!’’ मैत्रीण म्हणाली. पण सरासरी बरोब्बर ३०! मीटर ठीक होतं. खरा वारा ४ चा होता. जाताना समोरून, येताना पाठीमागून.

शिडाच्या बोटीवर हेच होतं. मीटरला कळतो तो ‘भासमान’ वारा, म्हणजे खरा वारा आणि बोटीच्या वेगामुळे लागणारा वारा यांची व्हेक्टर बेरीज. समजा, खरा वारा २० नॉट आहे आणि बोट वाऱ्याच्याच दिशेनं ८ नॉटनं चाललीय. मीटर दाखवणार १२. सगळं कसं निवांत! एवढ्यात कुणी पाण्यात पडलं आणि बोट वळवून वाऱ्याशी ४५ अंशांत ६ नॉटनं न्यावी लागली, तर मीटर जवळपास २५ वर जातं. दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे शिडावर चौपट जोर! शीड आधीच कमी केलेलं नसेल तर ते फाटेल, नाहीतर डोलकाठी मोडेल. म्हणून खरा वारा माहीत असणं हा जिवाचा प्रश्न आहे.

मग व्हेक्टरची वजाबाकी केली की झालं? नाही. गोव्यात बांधलेली नौदलाची ‘तारिणी’ घ्या. लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकाऱ्यांनी २०१७-१८ मध्ये याच बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. तिची डोलकाठी २५ मीटर उंच. शिडांमुळे वळलेली हवा लागू नये म्हणून मीटर डोलकाठीच्या टोकावर बसवतात. पण तिथे तीन भानगडी आहेत.

१) उंची : हवामानशास्त्रात वारा १० मीटर उंचीवरचा धरतात. खुल्या समुद्रात २५ मीटरवर तो साधारण १० टक्के जास्त भरतो.

२) हेलकावे : बोट दोन्ही बाजूंना ५-५ अंश डोलतेय आणि एक पूर्ण हेलकावा ६ सेकंदांचा आहे असं धरा. काठीचं टोक स्वतःच ४ नॉटपेक्षा जास्त वेगानं पळतं! म्हणून क्षणाचा आकडा न धरता अनेक हेलकाव्यांची सरासरी घ्यायची. झोताचा कमाल आकडा मात्र वेगळा नोंदवायचा.

३) कल : बोट कलली की मीटरही कलतं आणि वेग-दिशा दोन्ही चुकतात. कलाचा कोन मोजून दुरुस्ती करावी लागते.

शेवटी मीटर तपासायचं कसं? शांत दिवशी शिडं उतरवून इंजिनवर सरळ जा, लगेच उलट या. मीटरची सरासरी जीपीएसच्या सरासरीशी जुळली पाहिजे. थोडक्यात, आमची रंकाळ्याची युक्ती समुद्रावरही चालते!