घसरतंय की अडतंय?

पोरांनो, रोबो नीट वळत नाही म्हटलं की तुमच्यातला एक जण लगेच नवी चाकं आणायला पुण्यातल्या तपकीर गल्लीकडे निघतो आणि दुसरा लॅपटॉप उघडून कोड चाळायला बसतो. दोघांनाही थांबवा. आधी एकच गोष्ट बघा: चाक घसरतंय की अडतंय? लांबून दोन्ही सारखंच दिसतं, रोबो जागचा हलत नाही एवढंच. पण घसरणाऱ्या चाकाला पकड वाढवून द्यावी लागते आणि अडणाऱ्याची उलट कमी करावी लागते किंवा गिअर बदलावा लागतो. हे न बघता सगळ्या चाकांना रबर चढवणारी टीम दर वर्षी एक तरी सापडतेच.

ओळखायची रीत सोपी आहे. रोबोचं तोंड भिंतीला लावा आणि जोर हळूहळू वाढवत न्या, फार तर दोन-तीन सेकंद. चाकं जागच्या जागी फिरू लागली तर मोटरमध्ये दम आहे, पकड कमी पडतेय. चाकं थांबली आणि मोटर नुसती गुणगुणत राहिली तर ताबडतोब जोर सोडा. तिथे गिअर फार वेगाचा निवडला गेलाय किंवा चाकाचा व्यास मोठा झालाय. मोठ्या चाकाने वेग मिळतो, पण रेटा तेवढाच कमी होतो. अमेरिकेतल्या फर्स्ट रोबोटिक्स स्पर्धेत वर्षानुवर्षं वापरली गेलेली सिम मोटर 12 व्होल्टवर अडकून पडली की सुमारे 130 अँपिअर ओढते, आणि तिच्या वायरवरचा ब्रेकर असतो 40 अँपिअरचा. म्हणजे ढकलाढकलीच्या खेळात चाक घसरणं हा दोष नाही. ब्रेकर पडण्याआधी चाक घसरलं पाहिजे, असाच गिअर निवडायचा.

तिसरीही एक शक्यता असते आणि ती सगळ्यात स्वस्त: मोटर फिरते, पण चाक फिरत नाही. हबचा ग्रब स्क्रू ढिला झालेला असतो. शाफ्टवरून हबवर जाईल अशी एक सरळ रेघ रंगाने ओढून ठेवा. दोन सामन्यांनंतर रेघ तुटलेली दिसली तर रोग कळला. ग्रब स्क्रू शाफ्टच्या चपट्या बाजूवरच बसवायचा, गोल बाजूवर कितीही आवळलात तरी तो सुटणार.

आता पकडीचं बघू. पकड दोन गोष्टींवर ठरते: चाक आणि जमीन यांची जोडी कशी आहे, आणि त्या चाकावर वजन किती आहे. चाक दुप्पट रुंद केलं म्हणून पकड दुप्पट होत नाही. रबराच्या बाबतीत थोडा फरक पडतो, पण त्याच्या भरवशावर राहू नका. वजनातलंही फक्त मोटर जोडलेल्या चाकांवरचं वजन कामाला येतं. मागची दोन चाकं मोटरवर आणि बॅटरी पुढच्या कॅस्टरच्या डोक्यावर, असं यंत्र मी कितीदा पाहिलं असेल! बॅटरी मागे सरकवायला वेल्क्रोची एक पट्टी लागते, बाकी काही नाही. कॅस्टरबद्दल आणखी एक: दिशा उलटी केली की तो अर्धं वर्तुळ घेऊन फिरतो आणि रोबोचं नाक बाजूला फेकतो. रेषेवरून चालणाऱ्या छोट्या रोबोला बॉल कॅस्टर बरा.

चार चाकं आणि कडक चौकट असली की एक चाक हमखास अधांतरी राहतं. तीन पायांची तिवई कशीही जमीन असली तरी डुगडुगत नाही, चौपाईचं तसं नसतं. म्हणून चारही चाकांखाली वर्तमानपत्राची एकेक पट्टी सरकवा आणि ओढून बघा. जिथली सहज निघेल ते चाक पगारी रजेवर आहे. शिम घालून ते खाली आणा. हाच प्रयोग रोबोचा हात वर उचललेला असताना पुन्हा करा. 2008 साली एबीयू रोबोकॉन ही रोबो स्पर्धा पुण्यात झाली तेव्हा खेळच दहीहंडीवर बेतलेला होता. असं उंचावर काम करणारं यंत्र हात वर करतं तेव्हा एका बाजूचं वजन दुसऱ्या बाजूला जातं, आणि खाली असताना सरळ चालणारा रोबो तिरका पळू लागतो. मग पोरं कोडमध्ये चूक शोधत बसतात.

वळण्याचा मामला मात्र वेगळा आहे. डावी चाकं मागे, उजवी पुढे अशी चालवून वळणारा रोबो खरं तर वळतच नाही, आडवा घासत जातो. तेव्हा चाकाला दोन दिशांची पकड असते. पुढे-मागे जी असते ती रोबोला फिरवते, आणि आडवी असते ती फिरू देत नाही. फिरवणाऱ्या जोराला हात मिळतो तो डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतराच्या निम्म्याचा. अडवणाऱ्याला मिळतो तो पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराच्या निम्म्याचा. समजा रुंदी 30 सेंटिमीटर आणि लांबी 45. फिरवणारा हात 15 चा, अडवणारा साडेबावीसचा. दोन्ही दिशांना पकड सारखी असेल तर ढोबळ हिशेबाने हा रोबो वळायलाच नको. प्रत्यक्षात तो उड्या मारत वळतो, करंट खातो, बॅटरीचा व्होल्टेज खाली जातो आणि कंट्रोलर रीसेट होतो. तुम्हाला वाटतं वायर लूज आहे. अशा रोबोला आणखी चिकट रबर लावलंत तर तो आणखीच अडेल.

म्हणून आराखड्याच्या वेळीच चौकट रुंद आणि आखूड धरा. ते शक्य नसेल तर एका टोकाची दोन चाकं ओम्नी करा. त्यांचे रोलर आडवे सरकतात, अडवणारा जोर जवळजवळ जातो आणि पुढे ढकलण्याची ताकद बरीचशी शाबूत राहते. मात्र रोबो आता मधोमध न फिरता रबरी चाकांच्या जोडीभोवती फिरेल, हे चालवणाऱ्याला आधी सांगा. चारही ओम्नी अशाच सरळ लावल्यात तर कोणीही बाजूने बोट लावून तुम्हाला ढकलून नेईल. सहा चाकं परवडत असतील तर मधली जोडी सुमारे 3 मिलिमीटर खाली उतरवा. रोबो एका वेळी चारच चाकांवर उभा राहतो आणि अडवणारा हात निम्मा होतो. अमेरिकेतल्या टीम हे खूप वर्षं करत आल्या आहेत. आणि उद्याच सामना असेल, हाताशी काहीच नसेल, तर मागच्या दोन रबरी चाकांवर गुळगुळीत पीव्हीसी टेप गुंडाळा. दिसायला ओंगळ, पण वळतो.

मेकॅनम चाकांचं कौतुक मला बेताचंच आहे. बेंग्ट इलॉन या स्वीडिश इंजिनिअरने 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला काढलेली ही युक्ती हुशार खरी, पण ती चारही चाकांवर सारखं वजन मागते, आणि 45 अंशांवरचे रोलर मोकळे फिरूनच काम करतात, त्यामुळे रेटारेटीत ही चाकं हरतात. लावायचीच असतील तर वरून बघताना रोलरची फुलीसारखी खूण दिसली पाहिजे. उलटी बसवलीत तर रोबो आडवा जाईल, पण जागच्या जागी फिरताना मरगळेल.

चाकावरच्या एन्कोडरवर फार विसंबू नका. चाक घसरलं तरी एन्कोडर मोजतच राहतो. मोटर न जोडलेलं एक छोटं ओम्नी चाक स्प्रिंगने जमिनीला टेकवून त्यावर एन्कोडर लावा, आणि दिशेसाठी जायरो ठेवा.

सायकलची ट्यूब कापून चाकावर चढवणं ही आपल्याकडची जुनी आणि चांगली सोय. पण ट्यूबच्या आत शंखजिऱ्याची पूड असते, ती साबणाने धुतल्याशिवाय चढवू नका. सामन्याआधी प्रत्येक वेळी चाकं स्पिरिटने पुसा. धूळ बसलेलं महागडं चाक हे प्लॅस्टिकचंच चाक.

शेवटी जमीन. वर्कशॉपच्या कोब्यावर सराव करून रंगवलेल्या लाकडी मैदानावर जाणाऱ्यांचं काय होतं, ते मी पुष्कळदा बघितलंय. मोठ्या फर्स्ट स्पर्धेत गालिचा असतो, तिच्याच धाकट्या स्पर्धेत फोमच्या लाद्या. 2009 साली तर मोठ्या स्पर्धेच्या आयोजकांनी मुद्दाम गुळगुळीत फरशी आणि सगळ्यांना सारखीच निसरडी चाकं दिली होती. नियमपुस्तिकेत मैदान कशाचं आहे आणि वर रंग कोणता आहे, हे पहिल्या दिवशी वाचा. लाकडी असेल तर 8 बाय 4 फुटांचं एक प्लायवूड आणा, तोच रंग द्या आणि रोबोचं पहिलं वळण त्यावर घ्या.