पाप कोणाचे?

अभ्यासाकरिता पाठ: योहान 9:1–41, लूक 14:12–14.

जन्मांध मनुष्य दृष्टीस पडताच शिष्यांनी विचारले की, पाप कोणाचे, ह्याचे की ह्याच्या आईबापांचे? त्यांस मनुष्य दिसला नाही, दोष दिसला. प्रभूने दोन्ही पर्याय नाकारिले व त्यांचे लक्ष देवाच्या कार्याकडे वळविले.

हाच प्रश्न भंडारा जिल्ह्यातील आपल्या गावांतही विचारला जातो. मूल पाच वर्षांचे झाले तरी बोलत नाही, हाक मारली असता वळून पाहत नाही, एकच वस्तू फिरवीत बसते, गलबला होताच कान झाकते. मग कोणी म्हणतो, मागील जन्माचे कर्म. कोणी म्हणतो, करणी. कोणी म्हणतो, आईने गरोदरपणी ग्रहण पाळिले नाही. मांत्रिकाच्या गंड्यादोऱ्यास आपण हसतो. परंतु मुलास भूत लागले आहे, अथवा आईबापांचा विश्वास उणा म्हणून ते बरे होत नाही, असे म्हणणारे आपल्यांतही आहेत. शब्द बदलले, प्रश्न तोच राहिला.

ह्या स्थितीस स्वमग्नता म्हणतात. 1943 साली अमेरिकेत डॉक्टर लिओ कॅनर ह्यांनी अशा 11 मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे कित्येक विद्वानांनीही आईस माया नाही म्हणून मूल असे झाले, असा दोष ठेविला. म्हणजे शिष्यांचीच चूक त्यांनी केली. बर्नार्ड रिमलँड हे मानसशास्त्रज्ञ स्वतः अशा मुलाचे पिता होते. त्यांनी 1964 साली त्या मताचे खंडन केले. मेंदूच्या वाढीतील हा भेद बहुधा जन्मापूर्वीच आरंभतो व त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, हे आज ठाऊक आहे.

आता त्या मनुष्याच्या आईबापांकडे पाहा. सभास्थानातून बहिष्कृत होऊ ह्या भयाने ती आपल्या पुत्राविषयी मोकळेपणे बोलली नाहीत; आणि अखेर धार्मिक पुढाऱ्यांनीच त्यास पापात जन्मलेला म्हणून हाकून लाविले. आपल्या भयाने कोणी आई मुलास घरात लपवीत असेल, तर तिच्या दुःखात आपलाही वाटा आहे.

उपदेशकाने अशा घरी जाऊन प्रार्थना अवश्य करावी, परंतु औषधोपचाराच्या व शिक्षणाच्या आड येऊ नये. अंगणवाडीत व शाळेत येणाऱ्या आरोग्य पथकास मूल दाखवावे. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नेण्यास सोबत जावे. भूत उतरविण्याच्या निमित्ताने कोणास बांधणे वा मारणे, तसेच मंदबुद्धीच्या व्यक्तीत अलौकिक शक्ती आहे असे भासवून तिचा धंदा करणे, हा महाराष्ट्राच्या 2013 च्या कायद्याने अपराध आहे. 2016 च्या केंद्रीय कायद्यातील 21 अपंगत्वांत स्वमग्नतेची गणना आहे, आणि अशा मुलास शाळेत इतरांसोबत शिकण्याचा हक्क आहे.

लूकच्या पाठात प्रभू लंगड्यांस व आंधळ्यांस भोजनास बोलाविण्यास सांगतो. ते आधी बरे व्हावेत, अशी अट घालीत नाही. उपासनेत असे मूल ओरडले, तर आईस बाहेर जाण्याची खूण करू नका. शेजारी जागा द्या.

मंडळीत विचार करण्याकरिता प्रश्न:
1. शिष्यांच्या प्रश्नात काय चुकले?
2. जन्मांधाची आईबापे कशास भ्याली?
3. आपल्या गावातील कोणते मूल उपासनेस कधीच आणिले जात नाही, व का?